पारा घसरला की मी थांबते

पुण्यात थंडी आली हे वर्तमानपत्रातून कळतं. नोव्हेंबरच्या मध्यावर कधीतरी एक चौकट छापून येते, ‘पारा घसरला’, आणि खाली एनडीए, हवेली, शिवाजीनगर, पाषाण इथले किमान तापमानाचे आकडे. मी मुलामुलींना लांब पल्ल्याचं धावणं शिकवते. ही चौकट दिसली की वर्षानुवर्षं माझा एकच निरोप जायचा: उद्यापासून बरोबर साडेपाचला मैदानावर, स्वेटर घालून या, दांडी चालणार नाही. आता त्याच चौकटीवर मी उलट निरोप पाठवते. सकाळी कुणी येऊ नका. संध्याकाळी चारला या.

पूर्वी माझ्याकडे धावलेल्या आणि आता स्वतःची मुलं माझ्याकडे पाठवणाऱ्या काही जणींना हे पटत नाही. ‘ताई, पहाटे उठतो तो अर्धी शर्यत जिंकतो, हे तुमचंच वाक्य ना?’ असं त्या विचारतात. वाक्य माझंच. माझा त्यावर जीव होता. म्हणून ते मागे घेताना त्यांना कारणं सांगणं माझ्यावर बंधनकारक आहे, आणि ती कारणं चार ओळींच्या निरोपात मावत नाहीत.

पहाटेवर माझा विश्वास बसला तो ऑक्टोबरमुळे. मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यातून माघारी जातो. ढग जातात, पण जमीन ओली असते, ओढे वाहते असतात, हवेत ओलावा भरून राहिलेला असतो. वरून धुऊन निघालेल्या आकाशातलं ऊन थेट अंगावर येतं. आपण सगळे ज्याला ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतो ती हीच. धावणाऱ्याला यात पाऱ्याच्या आकड्यापेक्षा दमटपणा जास्त छळतो. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. नुसता घाम येऊन भागत नाही. हवाच ओली असेल तर घाम ओघळून जमिनीवर पडतो, आणि आतली उष्णता आतच राहते. पोरं आठ वाजता धापा टाकत सावली शोधतात. अशा दिवसांत पहाटेच्या अंधाराला दुसरा पर्याय नाही. हे मी तेव्हा म्हणत होते आणि आजही म्हणते.

त्यात आपल्याकडच्या मोठ्या शर्यतींचं वेळापत्रक असं आहे की सराव नेमका ऋतूंच्या सांध्यावर येतो. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली आणि डिसेंबरचा पहिला रविवार ही तिची ओळख झाली. मुंबईची २००४ साली सुरू झाली आणि पुढे जानेवारीत स्थिरावली. म्हणजे सरावाचे लांब टप्पे सुरू होतात शरदात, आणि उठण्याची वेळ तेव्हाच पक्की होते. पुढे कोजागिरी होते, दिवाळी होते, तुळशीचं लग्न लागतं, हेमंत सुरू होतो. हवा पार बदललेली असते. घड्याळ मात्र तेच राहतं. उन्हापासून वाचण्यासाठी घेतलेली वेळ, ऊन हवंहवंसं वाटू लागल्यावरही आपण सोडत नाही, आणि मग तिला शिस्त म्हणतो. मीही म्हणत होते. अंधारात, बोटं बधिर झालेली असताना मैदानाला पहिली फेरी मारणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, त्यावर माझी सगळी शिकवण उभी होती.

शंका आली ती खोकल्यामुळे. नोव्हेंबरच्या शेवटी-शेवटी वेगाच्या फेऱ्या सुरू झाल्या की मुलं कोरडं खोकू लागायची. तापही नाही, सर्दीही नाही, फेरी संपली की दोन्ही हात गुडघ्यांवर आणि खोकल्याची उबळ. पालक म्हणायचे थंडी बाधली. मग काढा, मफलर, हळदीचं दूध. मलाही तेच वाटायचं, कारण कोरड्या गार हवेत जोरात श्वास घेतला की काहींच्या श्वासनलिका आकसतात हे खरंच आहे. पण पुण्यातली दहा-बारा अंशांची पहाट म्हणजे काही हिमालय नव्हे. शिवाय एक गोष्ट मला खटकायची. डिसेंबरात मधेच आभाळ भरून यायचं, वारा सुटायचा, त्या दिवशी खोकला कमी असायचा. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे कळत होतं. पण मैदानावर रोज उभ्या असणाऱ्या माणसाला अशा गोष्टी सोडूनही देता येत नाहीत.

मग एका डिसेंबरात आम्ही चढाचा सराव करायला वेताळ टेकडीवर जाऊ लागलो. पाषाणच्या बाजूने अंधारात चढायला सुरुवात करायची आणि उजाडता उजाडता माथ्यावर पोहोचायचं. टेकडी शहराच्या वस्तीपेक्षा दोनशे मीटरहून अधिक उंच आहे. उंचीवर जावं तशी हवा गार होते, दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी, हे आपण शाळेत शिकतो. त्या हिशेबाने माथ्यावर एखाद-दीड अंश अधिक थंडी हवी. प्रत्यक्षात पायथ्याला दात वाजत होते आणि माथ्यावर ऊब होती. मला वाटलं, चढून आल्यामुळे असेल. म्हणून मुद्दाम बराच वेळ नुसती उभी राहिले. घाम वाळला, श्वास शांत झाला, तरी ऊब तशीच. वरची हवाच खालच्यापेक्षा गरम होती.

आणि मग खाली पाहिलं. सेनापती बापट रस्ता, त्यापलीकडे डेक्कन, कर्वे रस्ता, नदीचं पात्र, सगळ्यावर एक मातकट तपकिरी थर पसरलेला. त्याची वरची कड इतकी सरळ, की कुणी पट्टी धरून आखावी. उंच इमारतींचे वरचे मजले त्या कडेच्या वर, स्वच्छ प्रकाशात. खालचे मजले बुडालेले. कुठल्यातरी भट्टीचा धूर सरळ वर येत होता, त्या कडेशी पोहोचला की आडवा होत होता आणि तिथेच पसरत होता. आमचं मैदान त्या थराच्या तळाशी होतं. इतकी वर्षं मी मुलांना ‘शुद्ध हवेत’ बोलावत होते, ती हवा ही.

माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील वेधशाळेत नोकरीला होते. शिवाजीनगरची ती दगडी इमारत १९२८ साली सिमल्याहून हवामान खात्याचं मुख्यालय इथे आलं तेव्हाची, म्हणून जुने पुणेकर अजून तिला ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. मी त्यांना टेकडीवरचं सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, पारा का घसरतो ते बघा. ज्या कारणाने तो घसरतो, त्याच कारणाने धूर खाली राहतो.”

हे एक वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. हिवाळ्यात आकाश निरभ्र असतं, हवा कोरडी असते, वारा पडलेला असतो. सूर्य मावळला की जमीन आपली उष्णता वर सोडू लागते आणि तिला अडवायला ना ढग असतो ना बाष्प. जमीन गार होते, तिला टेकलेली हवा गार होते. गार हवा जड, ती हलत नाही. हललीच तर उतारावरून घरंगळत मुळा-मुठेच्या पात्राकडे, खोलगट भागाकडे जाते. वरची हवा मात्र अजून दिवसाची ऊब धरून असते. खाली गार, वर गरम, अशी उलटी उतरंड लागते. भूगोलाच्या पुस्तकात तिला तापमानाची विपरीतता म्हणतात. एरवी गरम धूर वर वर जाऊन विरळ होतो. इथे तो वरच्या उबदार थराशी पोहोचतो, आणि तिथली हवा त्याच्यापेक्षा गार नसल्यामुळे त्याला पुढे वाट मिळत नाही. रात्रभर मालमोटारींनी सोडलेला धूर, पेटवलेला कचरा, शेकोट्या, बेकऱ्यांच्या भट्ट्या, रस्त्यावरची धूळ, सगळं थोड्याशा उंचीत कोंडून राहतं. जितकी रात्र निरभ्र आणि निवांत, तितका पारा खाली, आणि तितकी ही कोंडी घट्ट.

म्हणजे ज्या बातमीवर मी मुलांना हाक मारत होते, ती बातमीच त्या दिवसाच्या वाईट हवेची सूचना होती. आणि ज्या दिवसांबद्दल वर्तमानपत्रं ‘थंडी पळाली’ म्हणून हळहळतात, बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात काहीतरी घुमू लागलंय, आभाळ आलंय, किमान तापमान पाच-सहा अंशांनी चढलंय, ते दिवस फुप्फुसांना त्यातल्या त्यात बरे. ढग रात्री जमिनीची ऊब अडवतात, वारा थर ढवळून टाकतो, पाऊस पडला तर हवा धुऊन निघते. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे दिवाळीच्या तोंडावर अवकाळी सरी आल्या आणि तेव्हा कुठे हवा निवळली. शेतकऱ्याच्या द्राक्षाला आणि कांद्याला तो पाऊस मारतो, त्यामुळे त्याचं कौतुक मोकळ्या मनाने करता येत नाही. पण हवेपुरतं बोलायचं तर ते खरं आहे.

माणूस बसलेला असतो तेव्हा मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. नेटाने धावताना साठ लिटर, कसलेला धावपटू वेगात असेल तर शंभराच्याही वर. शिवाय तोंडाने. नाकाची गाळणी बाजूलाच राहते. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही लहान असतात आणि थेट फुप्फुसांच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. आपल्या देशाचं मानक म्हणतं, चोवीस तासांची त्यांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १५ सांगितली. रोज छापून येणारा हवेचा निर्देशांकही चोवीस तासांच्या सरासरीवरच बेतलेला असतो. सरासरीत दुपारची मोकळी हवाही येते आणि सकाळची कोंडलेली हवाही. ‘मध्यम’ असा शेरा वाचून आपण निश्चिंत होतो. पण मुलं त्या सरासरीत धावत नाहीत, ती धावतात सकाळच्या त्या दोन तासांत. आता मी सरासरी बघत नाही, तासागणिक आकडे बघते.

हे आकडे आज आपल्या हाताशी आहेत, याचं मूळ खेळात आहे आणि पुण्यातही आहे. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ ही हवेचा अंदाज सांगणारी यंत्रणा उभी केली ती २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेसाठी. खेळाडूंना आपण कुठल्या हवेत उतरवणार आहोत, हे कळावं म्हणून. पुण्यात ती २०१३ मध्ये आली. पुढे २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीतले रणजी सामने धुरक्यामुळे रद्द झाले. २०१७ च्या डिसेंबरमध्ये कोटलाच्या मैदानावर श्रीलंकेचे खेळाडू तोंडाला मास्क लावून कसोटी खेळले, आणि ते चित्र जगभर गेलं. २०२३ च्या विश्वचषकात मुंबई-दिल्लीच्या सामन्यांची आतषबाजी क्रिकेट मंडळाने हवेच्या कारणाने रद्द केली. मोठ्या खेळाडूंच्या श्वासाचा विचार निदान चर्चेला तरी येतो. गल्लीतल्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीच्या श्वासाचा विचार तिच्या प्रशिक्षकाने करायचा. दुसरं कोण करणार? तिची फुप्फुसं अजून वाढत आहेत.

आपल्या जुन्या ऋतुचर्येकडे मी नव्याने वळले ती याच काळात. हेमंतात शरीराचं बळ वाढतं, हे वाक्य मी मुलांना हुरूप यावा म्हणून नेहमी सांगायची. वाग्भटांनी त्याच विषयात घातलेली अट मात्र सांगायची नाही: थंडीत बलवान माणसानेही व्यायाम आपल्या अर्ध्या शक्तीनेच करावा. चरकसंहितेत शरद ऋतूसाठी ऊन टाळायला सांगितलंय, ते मला माहीत होतं. त्याच ठिकाणी दव आणि पूर्वेचा वाराही टाळायला सांगितलाय. पाऊस माघारी गेला की आपल्याकडे वारा पश्चिमेऐवजी पूर्वेकडून येऊ लागतो, हे आज हवामान खातंही सांगतं. त्या काळच्या वैद्यांना धुराच्या कणांचं ज्ञान होतं, असं मी मुळीच म्हणणार नाही. तसं म्हणणं त्यांच्यावर आणि विज्ञानावर दोन्हींवर अन्याय होईल. मी त्यांच्याकडून एवढंच घेते की त्यांनी एका वर्षाला एक नियम लावला नाही. ऋतू बदलला की दिनचर्या बदला, आणि दोन ऋतूंच्या सांध्याच्या दिवसांत जुनं हळूहळू सोडत नवं हळूहळू धरा, असं ते सांगतात. मी आश्विनातला नियम पौषात चालवत होते.

वेळ बदलायची ठरवली तेव्हा वाटलं होतं तितकं ते सरळ निघालं नाही. पहिला विचार आला, दोन तास उशिरा बोलवावं. ते तर आणखी वाईट. डिसेंबरात पुण्यात सूर्य पावणेसात-सातला उगवतो. जमीन तापून खालचा थर वर उचलला जायला नऊ-दहा वाजतात, आणि नेमक्या त्याच वेळात शाळांच्या बसगाड्या, नोकरदारांच्या दुचाक्या, सगळं शहर रस्त्यावर येतं. कोंडलेल्या हवेत नवा धूर. सात ते दहा हा तुकडा दिवसातला बहुधा सगळ्यात जड. साडेपाचला निदान वाहनं कमी असतात. पण आमचा सराव साडेसातपर्यंत चालायचा, म्हणजे सगळ्यात दमवणाऱ्या फेऱ्या हवा बिघडत जाताना व्हायच्या. दुपारी मात्र चित्र पालटतं. ऊन जमीन तापवतं, हवा उंचावर ढवळली जाते, धूर मोठ्या जागेत विरतो. चारच्या सुमाराला पुण्यातली हिवाळी हवा तिच्यातल्या त्यात मोकळी असते. तापमान अठ्ठावीसच्या आसपास, पण कोरडं. ऑक्टोबरची चिकचिक नाही. घाम लगेच वाळतो. आपण किती घाम गाळलाय हे कळतच नाही, म्हणून पाण्याकडे लक्ष ठेवावं लागतं, एवढंच. आणि सहाला सूर्य मावळला की खेळ आटोपायचा, कारण थर पुन्हा बसायला लागतो आणि रस्ते पुन्हा भरतात. म्हणजे हाती येतात दोन तास. शाळा सुटण्याची आणि शिकवणीला जाण्याची वेळही हीच.

पालकांशी माझे सगळ्यात जास्त वाद झाले ते इथे. शिकवणी हलवता येणार नाही, पहाट मोकळी असते, मग पहाटच बरी, हे त्यांचं म्हणणं मला समजतं. दुसरीकडे काही मुलींच्या आयांनी हायसं वाटल्याचं सांगितलं. साडेपाचच्या अंधारात लेकीला एकटीला सोडताना त्यांचा जीव टांगणीला लागायचा, आणि त्यांना ते मला कधी सांगता आलं नव्हतं. ते ऐकून मला वाईट वाटलं. शिस्तीच्या माझ्या आग्रहापुढे त्या गप्प राहिल्या होत्या.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. दिवसभर कुठे दुकानात, कुठे गोदामात काम करणारी, रात्री उशिरा घरी जाणारी ही पोरं. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. सेकंदांवर गुण ठरतात. त्यांना संध्याकाळ मोकळी नाही. त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू की पहाटे येऊ नका? त्यांच्यासाठी पहाट ठेवलीय, पण जागा बदललीय. हमरस्त्याच्या कडेने धावणं बंद. टेकडीच्या पायथ्याला जमायचं आणि चढाचा सराव माथ्याकडे न्यायचा. वेगाच्या फेऱ्या रविवारी, वाहनं कमी असतात तेव्हा. आणि ज्या पहाटे आकडा फारच वाईट असेल, त्या पहाटे घरातच दोरीच्या उड्या आणि पोटापाठीचे व्यायाम. धावणं सोडून द्या, असं मी कुणालाही सांगत नाही. व्यायामाचे फायदे इतके मोठे आहेत की घरी बसून राहणं हा उपाय होऊच शकत नाही. कठीण दिवशी जोर कमी करायचा, आणि तेवढ्याने आपण कमी पडलो असं मानायचं नाही. पूर्वी माझ्या तोंडून असं काही कधी निघालं नसतं.

शेकोट्यांबद्दल मात्र माझा राग चुकीच्या माणसावर जाऊ नये, म्हणून मी स्वतःला बजावत असते. मैदानाच्या भिंतीलगत इमारतीचा रखवालदार पहाटे पालापाचोळा, खोक्यांचे तुकडे, कधी प्लॅस्टिक पेटवून हात शेकत बसलेला असतो. त्याचा धूर एका मजल्याएवढा वर जातो आणि मग आडवा होऊन मैदानावर येतो. उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार रुपये दंड, असा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१६ चा आदेश आहे. पण रात्रभर उघड्यावर बसवलेल्या माणसाला दंडाची भीती घालून थंडी कमी होत नाही. आमच्या मुलांच्या पालकांपैकी जे अशा सोसायट्यांत राहतात, त्यांच्याशी मी बोलले. रखवालदाराच्या खोलीत विजेची शेगडी, जाड घोंगडी आणि दाराला नीट पडदा, एवढं दोन-तीन ठिकाणी झालं आणि तिथली शेकोटी बंद झाली. वाळलेली पानं खताच्या खड्ड्यात जाऊ लागली. झाडूवाल्या मावशी त्याच वेळी रस्ता झाडत असतात. ती सगळी धूळ आमच्याआधी त्यांच्या छातीत जाते, आणि त्यांना वेळ बदलायची सोय नाही. त्यांच्यासाठी मला अजून काही करता आलेलं नाही.

मॅरेथॉनच्या आयोजकांना मी दोष देत नाही. एवढ्या लोकांसाठी शहरातले रस्ते मोकळे मिळायचे तर ते पहाटेच मिळणार, आणि चार-पाच तास धावणाऱ्याला शेवटी चढतं ऊन सोसायचं असतं. शिवाय शर्यत वर्षातून एकदा. माझं म्हणणं रोजच्या सरावाबद्दल आहे, नोव्हेंबर ते जानेवारीच्या त्या सगळ्या सकाळींबद्दल. शर्यतीची सवय व्हावी म्हणून पहाटे धावायलाच हवं, हा युक्तिवाद मीही केलेला आहे. त्यासाठी शर्यतीआधीचे थोडे दिवस पुरतात.

माझ्या मनात पहाटेबद्दलचं प्रेम आटलंय का? नाही. ऑक्टोबरात मी आजही साडेपाचला मैदानावर असते आणि मुलांनाही बोलावते. कोजागिरीनंतर दर पहाटे आकाश, वारा आणि तासाचा आकडा बघायला लागते. शेकोटीचा किंवा भट्टीचा धूर कुठे दिसला तर तो सरळ चढतोय की आडवा होतोय, हे मुलांनाच बघायला सांगते. आता ती स्वतःच येऊन सांगतात, ‘ताई, आज धूर झोपलाय.’ धूर झोपायला लागला की आठवडाभरात आम्ही संध्याकाळवर येतो. कुठलीही तारीख ठरवलेली नाही. एखाद्या वर्षी ते दिवाळीआधी होतं, एखाद्या वर्षी नंतर.

अडचण आता मैदानांची आहे. संध्याकाळी चारला मुलं मोकळी करून आणावीत तर मैदान मोकळं नसतं. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, आणि कित्येक मैदानांवर मांडव, खुर्च्या, प्रदर्शनांचे तंबू उभे राहतात. शाळांची मैदानं शेवटची घंटा झाली की कुलपात जातात. मी काही शाळांच्या संचालकांना भेटले. त्यांच्यापुढे मागणी ठेवली ती छोटी आहे: नोव्हेंबरपासून जानेवारीअखेर, चार ते सहा, फाटक उघडं ठेवा आणि धावपट्टीवर पाणी मारू द्या, म्हणजे धूळ बसेल. पाण्याचा नळ आणि मुलींसाठी स्वच्छतागृह उघडं असलं की आम्हाला आणखी काही नको. दोन ठिकाणी विमा आणि जबाबदारीचा प्रश्न निघाला. तो रास्त आहे, आणि पालकांनी लेखी हमी द्यायची तयारी दाखवली आहे. एका शाळेने यंदापुरती परवानगी दिली. तिथे सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे तीन दिवस मिळालेत. उरलेल्या दिवसांसाठी मी अजून मैदान शोधते आहे. कुणाच्या शाळेचं, संस्थेचं, कारखान्याचं मोकळं मैदान त्या दोन तासांत रिकामं पडून असेल, तर त्यांनी ते जवळपासच्या मुलांसाठी उघडावं, अशी माझी विनंती आहे.